रानझाडं ओळखायला शिकायचंय: सुरुवात फुलापासून की पानापासून?

पाऊलवाट
रोजच्या फिरण्याच्या वाटेवरची तणं, झुडपं, वेली नावानिशी ओळखता यायला हव्या आहेत. वनस्पतीशास्त्र शाळेपुरतंच. सध्याची पद्धत अशी: फूल दिसलं की फोटो, फोटो अ‍ॅपमध्ये, येईल ते नाव वहीत. पण एकाच झाडाच्या दोन फोटोंवर दोन नावं येतात, आणि फुलं गळली की तेच झाड अनोळखी होतं. नेमकं काय बघायचं, कोणत्या क्रमाने? महिन्याला किती झाडं जमतात?

दहापटभिंग
फूल शेवटी बघा. ते वर्षातले काही आठवडेच असतं, शिवाय रंग फसवतो. टणटणीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात, कारण फूल जुनं होताना रंग बदलतं.

पहिली नजर पानं खोडावर कशी लागलीत यावर: एकाआड एक, समोरासमोर, की एका पेऱ्यावर तीन-चार. हे फांदीच्या मधल्या भागात बघा. शेंड्याकडे पेरी इतकी दाट असतात की एकाआड एक पानंही समोरासमोर भासतात.

मग एक पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ठरवा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पानाच्या देठाच्या बगलेत, खोडाला लागून, कळी असते. संयुक्त पान अनेक छोट्या पानांचं, म्हणजे पर्णिकांचं, बनलेलं असतं; पर्णिकेच्या बुडाशी ती कळी नसते. म्हणून टाकळ्याचं ‘पान’ म्हणजे सहा पर्णिकांचा तो अख्खा पसारा. हे चुकलं तर एकाआड एक संयुक्त पानं असलेलं झाड तुम्ही ‘समोरासमोर साधी पानं’ म्हणून नोंदवाल आणि पुढचं सगळं शोधणं भलत्याच दिशेला जाईल.

त्यानंतर खोड बोटांत फिरवून बघा, गोल की चौकोनी. पान तोडून चीक येतो का, चुरगळून वास येतो का, लव आहे का, देठाच्या बुडाशी उपपर्णं (पानासारखे छोटे तुकडे) आहेत का. (चीक डोळ्यांजवळ नेऊ नका, रुईचा तर अजिबात नाही. आणि ओळखण्यासाठी चव घेणं हा प्रकार नकोच.)

या खुणा एकेकट्या फारसं सांगत नाहीत, जोडीने सांगतात. समोरासमोर साधी, अखंड कडेची पानं आणि समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध खोडावर उपपर्ण, म्हणजे बहुधा कदंबाचं कुल (कुल म्हणजे नात्यातल्या झाडांचं घराणं). चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि वास म्हणजे तुळशीचं कुल, असं पुस्तकं सांगतात. पण टणटणीलाही हे तिन्ही लागू होतं आणि ती त्या कुलातली नाही. तिथे फळ बघावं लागतं. टणटणीला रसाळ, पिकल्यावर काळपट होणारं फळ; तुळशीला फुलाच्या पाकळ्यांमागच्या, वाळलेल्या पेल्याच्या तळाशी बियांसारखे चार कोरडे दाणे.

नावं पाठ करण्याआधी अशी सात-आठ कुलं हाताखालून घाला. अनोळखी झाडही मग निदान कुठल्या घरातलं ते कळतं.

गवताळ
वरच्याशी सहमत, पण जागेबद्दल कोणी बोललं नाही. शंभर-दोनशे मीटरची एकच वाट धरा आणि दर पंधरा दिवसांनी तीच चाला. महिन्याला आठ-दहा झाडं पुरे, मात्र प्रत्येक झाड रोपापासून फळापर्यंत बघायचं. छाटलेल्या किंवा सावलीतल्या फांदीवरची पानं नेहमीपेक्षा बरीच मोठी असू शकतात, म्हणून एकच रोप बघून आकार नोंदवू नका. चार-पाच रोपं बघा.

सोबत दहापट भिंग, सहा इंची पट्टी, वही, पेन्सिल. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं, अडीच सेंटीमीटरपर्यंत. हात लांब धरून बघितलं तर नुसतं धूसर दिसतं आणि लोक भिंगाला नावं ठेवतात.

अ‍ॅप दोन नावं देतं कारण त्याला फक्त फूल दाखवलेलं असतं. फोटो असे काढा: अख्खं झाड, पानं खोडाला लागतात ती जागा, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने (पाकळ्यांमागचा पेला, म्हणजे निदलपुंज, दिसला पाहिजे), फळ. पट्टी शेजारी धरा.

पाऊलवाट
आभार. आता प्रत्यक्ष अडचण: वाटेवर दोन पिवळ्या फुलांची झुडपं आहेत, दोन्हींना शेंगा. अ‍ॅप कधी टाकळा म्हणतं, कधी कासविंदा. फरक कुठे?

दहापटभिंग
पर्णिका मोजा. टाकळ्याला तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. कासविंद्याला बहुधा चार ते सहा, टोकदार. मग ग्रंथी, म्हणजे देठावरचे बारीक उंचवटे, शोधा. कासविंद्याला देठाच्या अगदी बुडाशी एक ठसठशीत ग्रंथी असते. टाकळ्याला तिथे काही नसतं. त्याच्या ग्रंथी खालच्या दोन जोड्यांच्या पर्णिकांमध्ये, बारीक काडीसारख्या. तीनच जोड्या आहेत पण ग्रंथी फक्त सगळ्यात खालच्या जोडीत आहे, असं दिसलं तर तो टाकळ्याचा जवळचा भाऊ सेना ऑब्ट्यूसिफोलिया. त्याच्या फुलांचे देठही लांब असतात. हे सकाळी किंवा दुपारी बघा, संध्याकाळनंतर पर्णिका मिटतात आणि मोजताना चुकायला होतं.

उपपर्ण
वहीत लिहिताना एक पथ्य: मराठी नावासमोर शास्त्रीय नाव हवंच. ब्राह्मी म्हणून बाकोपा मोनिएरीही दाखवतात आणि सेंटेला एशियाटिकाही. पहिलीची पानं लहान, मांसल, समोरासमोर, देठ जवळपास नाहीच. दुसरीची लांब देठाची, गोलसर मूत्रपिंडाकृती, जमिनीवर सरपटणाऱ्या धावत्या खोडाच्या पेऱ्यांवर. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. शंखपुष्पी हे नावही असंच वेगवेगळ्या झाडांना लावतात.

शास्त्रीय नावंही बदलतात. जुन्या पुस्तकात टाकळा कॅशिया टोरा म्हणून सापडेल, आता तो सेना टोरा. रुईचं पूर्वीचं स्वतंत्र कुल आता करवीर कुलात सामावलंय. शोधताना दोन्ही नावं घालून बघा.

नमुना वाळवायचा असेल तर वर्तमानपत्राच्या घडीत, एक पान उलटं ठेवून, वर वजन. पहिले चार दिवस कागद रोज बदला. ओल राहिली की पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. फुलाचा रंग आणि झाडाची उंची त्याच दिवशी लिहा, कारण वाळल्यावर दोन्ही कळत नाही. आणि वाटेवर एखाद्या जातीचं एकच रोप असेल तर फोटोवर भागवा.