मदत हवी आहे: रडारचं चित्र जीपीएसवर येत नाही

मिरकरवाडा_तांडेल
नमस्कार मंडळी. बोटीवर नवा रडार बसवलाय. जीपीएसला दोन वायरी जोडल्या, तरी जीपीएसच्या नकाशावर रडारचं काहीच दिसत नाही. बसवणारा फोन उचलत नाही. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, खलाशी परत आलेत, बर्फ-डिझेल ठरलंय. कुठली वायर कुठे लावायची तेवढंच सांगा. लवकर.

गलबत
कुठला रडार? कुठला जीपीएस? रडारच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र येतंय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मिरकरवाडा_तांडेल
रडार फुरुनो १८१५, जीपीएस गार्मिन ५८५. रडारच्या पडद्यावर चित्र एकदम साफ आहे, रत्नदुर्गाचा कडासुद्धा उमटतो. पण केबिन लहान. दोन पडदे बघायला वेळ कुणाला आहे? मला सगळं एकाच पडद्यावर पाहिजे.

दर्याचा_राजा
भाऊ, रडारवर पैसे घालायलाच नको होते. एआयएस लावा, म्हणजे जहाजं स्वतःची माहिती रेडिओवरून कळवतात ते यंत्र. जहाजाचं नाव, वेग, दिशा, सगळं लिहून येतं. आम्ही मुंबईच्या बाजूला जातो, तिथे मोठ्या जहाजांची वर्दळ असते, पण एआयएसवर आमचं भागतं.

गलबत
त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! एआयएसवर दिसतो तो फक्त स्वतःहून कळवणारा. ज्या बोटीवर एआयएस नाही किंवा बंद आहे, ती रात्री आडवी आली तर काय कराल? खडक कुठे एआयएस लावतो? पावसाच्या सरीत रडारच लागतो.

साउथहॅम्प्टनकर
मी इथे इंग्लंडमध्ये शिडाची छोटी बोट चालवतो. लॅपटॉपवर ओपनसीपीएन हे समुद्री नकाशाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. त्याला रडारचं प्लगइन मिळतं. नकाशावर रडारचं चित्र छान बसतं. मी तेच वापरतो.

जुना_रेडिओवाला
साउथहॅम्प्टनकर, ते प्लगइन नेटवर्कवरच्या रडारसाठी आहे. १८१५ तसा नाही.

तांडेलभाऊ, आता नीट वाचा. त्या दोन वायरींतून चित्र कधीच जाणार नाही. ती एनएमईए ०१८३ ची, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायच्या ठरलेल्या पद्धतीची जोडणी आहे, नेहमीचा वेग सेकंदाला ४८०० बिट. तिच्यातून अक्षांश-रेखांश, वेग, दिशा अशी अक्षरं जातात, बस. त्यापुढचं एनएमईए २००० घेतलं तरी वेग सेकंदाला अडीच लाख बिट, रडारचं चित्र त्यावरूनही पाठवत नाहीत. त्याला इथरनेट, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कची केबल लागते, काही कंपन्या वाय-फाय वापरतात. आणि तिथेही साधारणपणे ज्या कंपनीचा पडदा त्याच कंपनीचा रडार, तोही त्या मॉडेलला चालणारा. १८१५ स्वतःचा पडदा घेऊनच येतो, त्याचं चित्र गार्मिनवर नेता येत नाही. हे विकणाऱ्याने आधीच सांगायला हवं होतं.

तेव्हा उलटं करा. जीपीएसची माहिती रडारवर आणा. बोटीची जागा आणि वेग तिथे दिसला की नजर बहुतेक वेळ एकाच पडद्यावर राहते.

मिरकरवाडा_तांडेल
काका, पण जागेच्या ठिकाणी रडारवर नुसत्या आडव्या रेघा येतायत. मग वायर खराब आहे का?

जुना_रेडिओवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. गार्मिनच्या कुठल्या रंगाच्या वायरी लावल्यात?

मिरकरवाडा_तांडेल
निळी आणि तपकिरी. दोन्ही रडारच्या माहिती आत घेणाऱ्या जोडीला.

दर्याचा_राजा
बॅटरी तपासा. आमच्याकडे नव्वद टक्के भानगडी बॅटरीच्याच असतात.

जुना_रेडिओवाला
बॅटरी नाही, रडार चालतोय ना. तपकिरी ही गार्मिनची ऐकणारी वायर, तिच्यातून बाहेर काही येत नाही. बोलणारी निळी. निळी रडारच्या त्याच आत घेणाऱ्या जोडीतल्या आरडी-ए ला लावा, आणि आरडी-बी गार्मिनच्या काळ्या, म्हणजे निगेटिव्ह वायरीला. तपकिरी मोकळी ठेवा, टोकाला टेप गुंडाळा. जोडण्याआधी रंग दोन्ही पुस्तिकांशी ताडून घ्या. मग गार्मिनच्या सेटिंगमध्ये तो पोर्ट एनएमईए वर आहे का ते बघा.

कोळीवाडा_७
मध्येच विचारतो, माफ करा. २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या ट्रान्सपाँडर योजनेची सुरुवात झाली, इस्रोचं तंत्रज्ञान असलेली, तो ट्रान्सपाँडर रडारला जोडता येतो का?

गलबत
त्याचं काम वेगळं. उपग्रहावरून निरोप पाठवायचा-घ्यायचा, संकटात कळवायचं. वेगळा धागा काढा ना.

साउथहॅम्प्टनकर
दिशेचा सेन्सर कुणीच कसा काढला नाही? तो नसेल तर नॉर्थ-अप, म्हणजे उत्तर वर ठेवलेलं चित्र येत नाही, समोरच्या जहाजाचा मागोवाही धड लागत नाही. फ्लक्सगेट कंपास, म्हणजे चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक होकायंत्र घ्या, स्वस्तात काम होतं.

जुना_रेडिओवाला
सेन्सरचं बरोबर, फ्लक्सगेटचं नाही. ही मासेमारीची बोट आहे. लोखंडी विंच, इंजिन, साखळ्या सगळं जवळ, फ्लक्सगेट भरकटतो. उपग्रहांवरून दिशा काढणारा सॅटेलाइट कंपास महाग, पण लोखंडाचा त्याला त्रास नाही.

साउथहॅम्प्टनकर
लोखंडापासून लांब बसवून नीट कॅलिब्रेट केला तर भरकटत नाही. माझा चालतोय.

जुना_रेडिओवाला
तुमच्या बोटीवर विंच केवढा आणि यांच्या केवढा! शिवाय जीपीएसच्या दिशेवर भागवू असंही कुणी म्हणू नका. जाळं ओढताना बोट दोन-तीन नॉटने चालते, प्रवाहात तिरपी सरकते. जीपीएस सांगतो बोट कुठे सरकतेय, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कुठे आहे ते नाही.

कोळीवाडा_७
खलाशी केबिनच्या छपरावर चढला की रडार स्टँडबायवर टाका, म्हणजे अँटेनाच्या लहरी त्याच्या अंगावर यायच्या नाहीत. आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून सांगतो.

मिरकरवाडा_तांडेल
जागा आली! वेगही आला. काळ्या वायरीचंच होतं. कंपासचं हंगाम लागल्यावर बघू, तोवर हेड-अप, म्हणजे बोटीचं तोंड वर ठेवलेलं चित्र. आता एकच. जेटीची सरळ भिंत पडद्यावर वाकलेली दिसते. हेही वायरीचंच का?

जुना_रेडिओवाला
नाही. ते टायमिंग, म्हणजे रडार अंतर मोजायला सुरुवात करतो ती वेळ चुकलीय. सगळ्यात लहान रेंज लावा, सेटिंगमध्ये टायमिंग उघडा आणि भिंत सरळ दिसेपर्यंत आकडा कमी-जास्त करा. त्यानंतर नाळ एखाद्या बोयावर, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर धरून हेडिंगची, म्हणजे बोटीचं तोंड दाखवणारी रेघ जुळवा. दोन्ही कामं जेटीजवळच उरका.