डी४ कंटाळवाणं? माझ्या घोड्याला विचारा

"बुद्धिबळात पहिली चाल डी४ (वजिरापुढचं प्यादं) म्हणजे जांभया, मजा फक्त ई४ (राजापुढचं प्यादं) मध्ये" अशी पोस्ट टाकणाऱ्या भाऊ, जरा थांबा. फोंड्याला भर पावसात एका हॉलमध्ये स्पर्धा, समोर दहा-अकरा वर्षांचा पोरगा, मी पांढरी घेऊन डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३, घोडा एफ६, उंट जी५ आणि याने दुसरा घोडा डी७ वर ठेवला. डी५ वर प्यादी मारामारी झाली, मला वाटलं एफ६चा घोडा पिनमध्ये आहे (हलला तर मागचा वजीर जाणार), म्हणजे डी५चं प्यादं फुकट! उचललं घोड्याने. पोराने शांतपणे त्याच पिनमधल्या घोड्याने माझा घोडा मारला, वजीर उघडा टाकून. मी हावरटासारखा वजीर खाल्ला तर उंट बी४, शह! मध्ये घालायला वजीर सोडून काहीच नाही. तोही गेला, शेवटी हिशोब काय तर एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा. या सापळ्याला एलिफंट ट्रॅप म्हणतात म्हणे. नंतरचा भाजी-पाव घशाखाली उतरेना.

आणि हो, २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत आपल्या गुकेशने चीनच्या डिंगला तिसऱ्या गेममध्ये हरवलं ते डी४ नेच, ३७ चालींत. तेव्हा कोणाला जांभई आलेली?