बांधकामाच्या साइटवरच्या मुलांना वाढदिवसाचे केक करून द्यायचेत, कसं सुरू करू?

ओव्हनवाली_वारजे
नमस्कार मंडळी. मी पुण्यात वारज्याला राहते, ४ वर्षं झाली घरून केकच्या ऑर्डरी घेतेय. आमच्या सोसायटीच्या मागे बिल्डिंगचं काम चालूय आणि तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये पंचवीस-तीस कुटुंबं राहतात, कुणी बीड-परभणीकडची, कुणी छत्तीसगडची. त्यातल्याच एक मावशी माझ्याकडे भांड्यांना येतात. केक सपाट करायला स्पंजचा वरचा फुगीर भाग कापावा लागतो, ते काप मी नेहमी डब्यात घालून त्यांच्या मुलीसाठी देते. गेल्या आठवड्यात ती स्वतः आईबरोबर आली होती, डबा उघडून बघितला आणि मला विचारते, काकू, हा केक कुणाच्या नावाचा होता?
त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही हो. तीन वर्षं ही पोर दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे काप खातेय आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.
तर आता ठरवलंय की महिन्याला ४ केक तरी या मुलांसाठी करायचे, अख्खे, वर नाव घालून. दोन मैत्रिणी पण तयार आहेत. पण कुणाचा वाढदिवस कधी हे कसं कळणार, अंडं चालतं का, तिथे फ्रिज नाही त्याचं काय, आणि मुख्य म्हणजे आईबापांना भीक दिल्यासारखं वाटायला नको. कुणी केलंय का असं?

गोदाकाठ
ताई, आम्ही चौघीजणी नाशकात ३ वर्षं करतोय. तुम्ही थेट खोल्यांमध्ये जाऊन विचारू नका, आधी अंगणवाडीच्या सेविकांना भेटा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तारखा त्यांच्या रजिस्टरला असतात आणि कुठल्या घरात काय परिस्थिती हे त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट कळतं. मोठ्या मुलांसाठी शाळेतल्या बाई.
आता तारखांची गंमत बघा. आमच्या पहिल्या यादीत निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जून नाहीतर १ जानेवारी! गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकायचे ते आपल्याला माहितीये, आणि आधारला नक्की तारीख नसली की १ जानेवारी पडते. मग आम्ही आईलाच विचारायला लागलो. एक म्हणाली पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, बैलांना आंघोळ घालत होते तेव्हा कळा सुरू झाल्या. झालं की मग, पोळ्याच्या आदल्या दिवशी केक! कागदावरच्या तारखेपेक्षा आईची तारीख खरी.
आणि केक आईच्या हातात द्यायचा, साध्या पिशवीत, शक्यतो मूल शाळेत असताना. संध्याकाळी ती तो बाहेर काढते, ती औक्षण करते. आपण तिथे थांबायचंच नाही. बॉक्सवर आपला स्टिकर पण नको. मुलाला कळलं पाहिजे की माझ्या आईने केक आणला, बास.
बरोबर मेणबत्त्या, काडेपेटी, प्लॅस्टिकची सुरी आणि कागदी प्लेट द्या. पहिल्या वेळी आम्ही हे विसरलो होतो.

नागपूरचा_बेकरीवाला
फ्रिजचं मी सांगतो, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. क्रीमचा केक तिथे तासाभरात बसते. उन्हाळ्यात क्रीमच्या वाटेला जाऊच नका. व्हॅनिला स्पंज करा, वरून गरम करून पातळ केलेला जॅम लावा आणि त्यावर खोबऱ्याचा बारीक कीस दाबून बसवा. दिसायला मस्त दिसते, दुसऱ्या दिवशीपर्यंत काही होत नाही. नाव घालायला आयसिंग शुगर लिंबाच्या रसात घट्ट कालवून कागदाच्या कोनात भरा, वाळल्यावर पुसल्या जात नाही.
अर्धा किलो करू नका. त्या रांगेतली सगळी पोरं येतात, येणारच. किमान १ किलो, बारा तुकडे तरी नीट पडतात. जास्त मुलं असतील तर ट्रेमध्ये चौकोनी करा, गोलापेक्षा कापायला सोपं.
अंड्याचं विचारत बसण्यापेक्षा सगळेच एगलेस करा, कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही-सोडा, म्हणजे कुणाचा उपास-वार आड येत नाही. शेंगदाणे, काजू काही घालू नका. त्या मुलांना कशाची अ‍ॅलर्जी आहे का हे बऱ्याचदा त्यांच्या घरीही माहीत नसते.

साधा_विचार
उद्देश चांगला आहे यात शंका नाही. पण एका केकला दोन-तीनशे रुपये सहज जात असतील, त्यात वह्या येतील, चपला येतील. आणि केक हा काही आपल्याकडचा प्रकार नाही, आमच्या लहानपणी ओवाळायचे आणि शिरा करायचे. राग मानू नका, मनापासून विचारतोय.

गोदाकाठ
दादा, राग नाही. मला पण पहिल्यांदा असंच वाटायचं. पण वह्या सगळ्यांना सारख्या वाटल्या जातात, जून महिन्यात आमच्याकडेच तीन मंडळं वाटून जातात. वर्षभरात त्या मुलाला एकट्याला, त्याचं नाव घालून अशी कुठली वस्तू मिळते सांगा? शिरा त्याची आई करतेच, केकसाठी ओव्हन तिच्याकडे नाही आणि दुकानातला परवडत नाही. शाळेत बाकीच्यांचे वाढदिवस ते बघतं की रोज.

बे_एरियाकर
मी कॅलिफोर्नियात असते, इथे केकफॉरकिड्स म्हणून संस्था आहे, २०१० पासून हेच काम करते, मी त्यांच्यासाठी बेक करते. त्यांची पद्धत सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. बेघर कुटुंबांचे निवारे, फॉस्टर केअरवाले (आईबापांपासून दूर, दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांचं बघणारे), घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांची केंद्रं, अशा संस्था मुलांसाठी केकची मागणी नोंदवतात. फ्लेवर कुठला, थीम काय, हे मुलाच्या आवडीचं असतं. आपण ऑनलाइन बघून एखादी मागणी आपल्याकडे घ्यायची, केक करायचा आणि त्या संस्थेच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. मुलाला आपण कधीच भेटत नाही. सुरुवातीला मला फार चुटपुट लागायची, एवढा डायनोसॉर केला आणि त्याचं तोंड कसं झालं ते दिसणार नाही. आता पटलंय.
माझं एकच सांगणं, मुलाला आवड विचाराच. आपण ठरवलेला केक आणि त्याने मागितलेला केक यात खूप फरक आहे.

कायदा_आणि_काळजी
फोटोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी एका बालगृहात काम केलंय. एक ग्रुप केक घेऊन आला, मुलांना पाऊण तास उभं केलं, केक मध्ये, पाहुणे मागे, आणि बर्थडे असलेला मुलगा शेवटी विचारत होता की आता खाल्ला तर चालेल का. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही छापायला किंवा दाखवायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साइटवरची मुलं आईबापांजवळ असतात म्हणून तिथे हे कलम तसं लागू होत नसलं तरी नियम तोच ठेवा. फोटो घ्यायचाच तर किचनच्या ओट्यावर, केकचा, नाव घालायच्या आधी.
आणि फुकट वाटताय म्हणून अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लागू होत नाही असं नाही, त्यात नफा असो-नसो दोन्ही धरलंय. तुमचं त्याखालचं रजिस्ट्रेशन असेलच, मैत्रिणींनाही काढायला सांगा.

ओव्हनवाली_वारजे
सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवड्यांनी अपडेट देतेय.
पहिला केक मावशींच्या मुलीचा. आवड विचारली तर म्हणाली गुलाबी, आणि नाव मराठीत पाहिजे, कारण तिला अजून इंग्रजी लिहिता येत नाही! मावशी म्हणाल्या गौरी आल्या त्या दिवशीची ती, पण तेवढं थांबायचं नव्हतं त्यांना, म्हणाल्या यंदा आत्ताच करू, गौरींना पुन्हा ओवाळीन. जॅम-खोबऱ्याचाच केला, बीटाच्या रसाने गुलाबी केला. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो रिकामा नव्हता, त्यात एक तुकडा होता, नावातलं पहिलं अक्षर असलेला. मावशी म्हणाल्या तिने सगळ्या पोरांना वाटला, हा तुकडा कुणाला हात लावू दिला नाही, म्हणाली हा काकूंना.
अंगणवाडीच्या ताईंकडून ११ मुलांची यादी मिळालीय. रविवारी परभणीकडच्या एका मुलाचा आहे, त्याला ट्रॅक्टर पाहिजे, तो पण लाल. केक चौकोनी करून वर चॉकलेटने काढेन म्हणते, पण चाकं कशाची करू? फॉन्डंट (साखरेचा लाटून लावायचा गोळा) नको वाटतं, मुलं ते काढून टाकतात.

नागपूरचा_बेकरीवाला
क्रीमची चॉकलेट बिस्किटं लावा ताई. मागे मोठी, पुढे छोटी. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठीच पाहिजेत, शेतकऱ्याचं पोरगं आहे, लगेच ओळखेल.