कोनशिलेवरचे १३४९ : आमच्या जुन्या टॉकीजचे वय किती?

प्रश्न :
परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला एक जुनी टॉकीज आहे. भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्यातल्या, वर मंगळुरी कौले, खाली शहाबादी फरशी, आणि पडद्यामागे चांगला दहा हात खोल रंगमंच. दारावरच्या उर्दू कोनशिलेवर १३४९ हा आकडा आहे. गावातील जाणती मंडळी तो हिजरी धरून इमारत १९३० सालची, म्हणजे बोलपटांच्या आधीची मानतात. ती पाडण्याचे घाटत आहे. निदान नोंद तरी अचूक राहावी, यासाठी विचारतो.

पहिले उत्तर :
हा आकडा फसली सनाचा असावा, असे मला वाटते. निजामाच्या राज्यात महसूल आणि दफ्तराचा कारभार फसली सनाने चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो आणि वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने १३४९ फसली म्हणजे १९३९-४०. आकड्याच्या शेवटी 'फे' हे अक्षर असेल तर फसली, 'हे' असेल तर हिजरी. कोनशिला घासू मात्र नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा.

दुसरे उत्तर :
कौलांवरून काळ ठरणार नाही, मंगळुरी कौले १८६५ पासून निघत आहेत. खरी साक्ष प्रोजेक्टरच्या खोलीची. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेई, म्हणून ही खोली जाड भिंतींची करत आणि झरोक्यांवर लोखंडी झडपा बसवत. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने अकरा मिनिटांत संपते, म्हणून दोन यंत्रे आणि झरोक्यांच्या दोन जोड्या लागत. खोलीच्या दगडांचे थर मुख्य भिंतीत गुंतले असतील तर ती मूळची. मध्ये सरळ उभी सांध दिसली तर नाट्यगृहाला मागाहून जोडलेली. रंगमंचापुढे वादकांचा खड्डा आहे का, तेही पाहा.

प्रश्नकर्ता :
आज सकाळी कोनशिला पुसली. चुन्याच्या पापुद्र्याखाली 'फे' स्वच्छ उमटले आहे. खोलीचे थर दोन्ही कोपऱ्यांत भिंतीत गुंतलेले आहेत, झरोके चार आहेत आणि एका झडपेची साखळी अजून जागेवर आहे. तेव्हा नोंदीत 'बांधकाम १९३९-४०, नाटक आणि बोलपट या दोहोंसाठी' असे लिहिले आहे. रंगमंचापुढच्या फळ्या पोकळ वाजतात. त्या उचलून खड्ड्याचे माप उद्या घेतो.