प्रतिसाद: टाकी भरूनही काटा शून्यावर

बोटीची पेट्रोलची टाकी भरूनही इंधनाचा काटा शून्यावरच राहत असेल, तर लगेच नवा गेज (इंधनमापक) घेऊ नका. आधी बिल्जमधली, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीतली, पेट्रोलची वाफ ब्लोअरने (हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याने) बाहेर काढा, ठिणगीचा प्रश्न आहे. चावी बंद ठेवून सेंडरवरची (टाकीतली इंधनाची पातळी गेजला कळवणारा भाग) गुलाबी वायर काढा आणि अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या जोडणीला) जोडा. मग चावी चालू करा. अमेरिकी पद्धतीच्या गेजचा काटा पूर्ण भरलेल्यावर गेला तर गेज आणि ती वायर ठीक. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या काळ्या अर्थ वायरीत. बहुतेकदा गंजलेलं अर्थचं टोकच निघतं!

सेंडर सुटा करून मल्टिमीटर लावा: अमेरिकी सेंडरवर टाकी रिकामी असताना २४० ओहम, भरलेली असताना ३३. युरोपीय सेंडर उलटा, रिकामी १०, भरलेली १८०. गेज आणि सेंडरची जोडी चुकली की काटाही उलटा फिरतो.

तळाशी निमुळत्या टाकीत अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्ध्याहून कमी इंधन.