चारही बटणं समजावून सांगा

महापालिका निवडणुकीत ‘अपक्षाने घरोघर फिरावं, बाकी काही लागत नाही’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. फिरायलाच हवं, पण नाशिकमध्ये एका वॉर्डाचा एक नगरसेवक हे गणित राहिलेलं नाही. २०१७ ला १२२ जागा ३१ प्रभागांत होत्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मतं. प्रभागातल्या या जागांना अ, ब, क, ड म्हणतात. आमची वहिनी तेव्हा नाशिकच्या सिडको भागातून ‘क’ जागेवर अपक्ष उभी होती. पहिला आठवडा आम्ही फक्त नाव आणि चिन्ह सांगत फिरलो. मग एका आजींनी विचारलं, “तुला एकटीला दिलं आणि बाहेर आले तर चालेल ना?” नाही चालत! चारही जागांसाठी बटण दाबावं लागतं, कुणीच नको असेल तिथे ‘नोटा’.

त्या दिवसापासून पुठ्ठ्याची नमुना मशीन घेऊन गेलो. दारात उभं राहून अ, ब, क, ड दाखवायचं, ‘क’वर चिन्ह कुठे ते बोट ठेवून दाखवायचं. एका घराला पाच मिनिटं जास्त लागायची, पण बायका शेजारणींना बोलावून आणायच्या. आणि अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची घरं असतील तर शिफ्टच्या वेळा आधी विचारून घ्या. सकाळी अकराला आम्हाला निम्मी दारं बंदच मिळायची.