इंटरनेटचे दर आणि ऑनलाइन खरेदी : कोल्हापूरकरांचे अनुभव

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि त्याआधी एका जीबीला जवळपास अडीचशे रुपये मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना काही महिने डेटा फुकट मिळाला. पुढे २०१९, २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. या चढउतारात आपली ऑनलाइन खरेदी कशी बदलली, हे कोल्हापूर परिसरातील मंडळींनी लिहावे. नुसते ‘महाग झाले’ एवढेच नको. काय घ्यायचे थांबले आणि काय नव्याने सुरू झाले, तेही सांगावे.

शिक्षिका, राजारामपुरी
डेटा महाग होता तेव्हा आम्ही वस्तू आधी ठरवूनच ॲप उघडत असू. मिक्सरचे भांडे शोधले, मागवले आणि लगेच नेट बंद केले. रोज दीड जीबीचे पॅक आल्यावर, मध्यरात्री संपणारा उरलेला डेटा वाया कशाला घालवायचा, या हिशेबाने जेवणे आटोपल्यावर साड्या, पडदे, भांडी पाहत बसण्याची सवय लागली आणि न ठरवलेल्या वस्तूही घरात येऊ लागल्या. २०२४ मध्ये आमचा २३९ रुपयांचा पॅक २९९ रुपयांचा झाला. मुदत २८ दिवसांची असल्याने वर्षाला १३ रिचार्ज होतात, म्हणजे एका फोनमागे ७८० रुपये जादा. घरात चार फोन असल्यामुळे कात्री कुठेतरी लावावी लागली आणि ती, सगळीकडे लागते तशीच, सासूबाईंच्या फोनला लागली. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आदेशामुळे २०२५ च्या सुरुवातीला फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक मिळू लागले, तेव्हा त्यांना तेच घेतले. पूर्वी सासूबाई दुपारी निवांतपणे काचेच्या बरण्या, कुकरची रिंग, समईच्या वाती स्वतः निवडत असत. आता नातू कॉलेजातून आला की त्याच्या फोनवर “मागं ने, ती आधीची दाखव” असे सुरू होते आणि तिसऱ्या बरणीलाच त्याचा धीर सुटतो. त्यांनी मागवणेच कमी केले आहे. पैसे त्यांच्या पेन्शनचे असतात, हे मुद्दाम नमूद करते.

विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर
आमच्या मोबाइल कंपनीने अमर्याद फाइव्ह-जी रोजच्या दोन जीबीपासून पुढच्या पॅकवरच ठेवले आहे, त्यामुळे दीड जीबीवाल्यांचा डेटा रील्समध्येच संपतो. सेलच्या दिवशी १९ रुपयांचा जादा डेटा टाकून टी-शर्ट घेणारे मित्र आहेत. मिळालेल्या सवलतीतून ते १९ रुपये कोणी वजा करत नाही.

चप्पल विक्रेता
माझी बाजू विकणाऱ्याची आहे. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक पूर्वी दोन फोटो पाहून जोड मागवत असे. डेटा स्वस्त झाल्यावर त्याला व्हिडिओ कॉल हवासा झाला: तळाची शिलाई जवळून दाखवा, वेणी घट्ट आहे का दाखवा, पट्टा वाकवून दाखवा. मापासाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ ओढावी आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवावा, असे आम्ही सांगतो. त्यामुळे परत येणारे जोड कमी झाले. दरवाढीनंतर हे कॉल थांबले नाहीत, मात्र ते गिऱ्हाईक घरच्या वायफायवर असताना, म्हणजे रात्री येऊ लागले आणि आमची दुकान बंद करण्याची वेळ पुढे गेली.

गृहिणी, गगनबावडा तालुका
पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे रेंजही जाते. दरांची चर्चा त्यानंतरची.

निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी
राजारामपुरीच्या ताईंना एक पर्याय सुचवतो. आम्ही घरी महिन्याला पाचशेच्या आतले वायरचे ब्रॉडबँड घेतले आणि आम्हा दोघांच्या फोनवर फक्त कॉलचे पॅक ठेवले. गैरसोय एकच आहे, पण ती लहान नाही: महाद्वार रोडवर दुकानात उभे राहून ऑनलाइन भाव ताडून पाहता येत नाही आणि पैसेही रोख न्यावे लागतात. म्हणून पंखा किंवा इस्त्री घ्यायची असल्यास मी आदल्या रात्री दोन-तीन ठिकाणचे भाव कागदावर उतरवून नेतो. दुकानदार कागद पाहून हसतो, पण बहुतेक वेळा त्या भावाच्या जवळ येतो.